गाऱ्हाण्याचा नारळ

"नारळ जमनीक टेकव नको हां, बाय. देवघरात ठेव, फळीर ठेव, नायतर डोक्यार ठेव. पण जमनीक टेकलो तर सांगणां मोडता."

भिकाजीभाऊंनी हे सांगितलं तेव्हा ते हसत होते, की उन्हाने त्यांचा चेहरा तसा ओढला गेला होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ओरोसला जिल्हा कचेरीच्या दारात आमचा संप चालला होता, जुन्या पेन्शनसाठी, आणि त्या दिवशी तो मिटला होता. माणसं खाली पसरलेली वर्तमानपत्रं गोळा करत होती, घोषणांचे फलक कुणाच्या तरी टेम्पोत चढत होते, आणि मी दोन्ही हातांत तो शेंडीचा नारळ धरून उभी होते, न्हाऊ घातलेल्या बाळाला धरावं तसा. त्याला आता बरेच पावसाळे झाले. तोच आवाज आज संध्याकाळी मालवणच्या बाजारात माझ्या पाठीमागून आला. मी उद्याच्या सोमवारासाठी अबोलीचा वळेसर, आमच्याकडचा गजरा, घेत होते. "बाय, उद्या येतंस मा ओरोसाक? पेन्शनीचां मार्गी लागलां म्हणान सायबांचो सत्कार आसा. नारळ घेवन ये. सायबांच्या हातान फोडून टाकूया, काम झालां आता." फोडून टाकूया. एवढंच. पण फूलवालीने पुढे केलेलं पान माझ्या हातून निसटलं आणि अबोली रस्त्यावर सांडली. देवाची फुलं मी कधी सांडत नाही. फूलवाली म्हणाली, "जावंदे गो, दुसरो घे," आणि मी दुसरा वळेसर घेतला.

मी आरोग्यसेविका. उपकेंद्रात सुया टोचण्यात, बाळंतपणं करण्यात माझं आयुष्य गेलं, त्यातली पहिली बरीच वर्षं मानधनावर, मग कायम. आता निवृत्तीला थोडे महिने उरलेत. आवाज माझा लहान. वरच्या साहेबांसमोर, बायकांच्या सभेत, कुठेही मी बोलले की कुणीतरी म्हणतंच, "जरा मोठ्याने बोला, सिस्टर." मोठ्याने बोलायची मला सवय नाही आणि गरजही वाटली नाही, कारण ज्याच्याशी बोलायचं त्याला हळूच सांगितलेलंही ऐकू येतं. पहाटे उठायचं, आंघोळ करायची, देव धुवायचे, दिवा लावायचा, एक अध्याय वाचायचा, आणि तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही, हा माझा नेम. हे गेले त्या दिवशीही तो मोडला नाही; लोकांना वाटलं, धक्क्याने वाचा बसली. त्या नेमात संपानंतर हा नारळ येऊन बसला. देव धुताना मी त्याच्यावरही पाण्याचा हात फिरवते आणि कानाशी नेऊन हलवते. सुरुवातीला तो गच्च भरलेला होता, हलवला तरी नुसतं जड काहीतरी सरकल्याचं जाणवायचं. मग आत पाणी खळखळायला लागलं. एका पावसाळ्यात ती खळखळ थांबली आणि मी घाबरले, वाटलं, कुजला. नाकाशी धरला, वास नव्हता. पुढे कधीतरी तो आतून खुळखुळला. पाणी आटून खोबरं सुटं झालं होतं, गोटा झाला होता. त्या सकाळी मला जो आनंद झाला तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. गोट्याला कीड लागत नाही, तो वर्षानुवर्षं राहतो.

"काम झालां खंय, भाऊ?" बाजारात मी विचारलं. त्यांनी कान पुढे केला तेव्हा पुन्हा विचारलं. "झालां मगे," ते म्हणाले, "सरकाराच्या समितीन दिलां ता दिलां. सगळां नाय, पण निम्म्या पगाराची हमी तरी इली. माझां झालां, तुझांय होतलां. आणखी काय होया?" भिकाजीभाऊ आमच्या कार्यालयात लिपिक आहेत. वाईट माणूस नाही. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून जिना चढताना मध्येच थांबून कठड्याशी बोलल्यासारखे उभे राहतात. दशावताराच्या हंगामात ते संकासुराचं सोंग करायचे, आता ते बंद. पण संपाच्या मधल्या एका दुपारी, माणसं उन्हाने मलूल झाली होती आणि अर्धे लोक घरी जायच्या बेतात होते, तेव्हा हेच उठले होते. डोक्याला टॉवेल गुंडाळला, कुणाच्या तरी पिशवीतला नारळ उचलला, कचेरीच्या फाटकाकडे तोंड केलं आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवळात मानकरी घालतात तसं. बा देवा म्हाराजा. आणि त्या मरगळलेल्या गर्दीतून आपोआप उत्तर उमटलं, व्हय म्हाराजा. ही तुझी लेकरां आज कचेरीच्या दारात उन्हात बसली आसत, म्हाराजा. व्हय म्हाराजा. ज्येंनी आपली उमेद सरकाराच्या कामात घातली, कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात, कोणी अंगणवाडीत, तेंच्यार म्हातारपणात दुसऱ्याच्या तोंडाकडे बघूची पाळी हाडू नको, म्हाराजा. व्हय म्हाराजा. ह्येच्यात ल्हान-मोठो कोण नाय. येकाचांय काम रवलां, तरी ह्यो नारळ फुटाचो नाय, म्हाराजा. तेव्हा जो व्हय उठला त्यात फाटकावरचा पोलीससुद्धा होता, आणि मग सगळे पोट धरून हसले. मी हसले नव्हते. माझे हात जोडलेले होते. देवाला नारळ दाखवून म्हटलेली गोष्ट हसण्यावारी कशी जाते ते मला कळत नाही. देव काय नाटक बघायला येतो आणि पडदा पडला की घरी जातो?

माझ्या शेजारी नसीबा बसली होती. सगळ्यांत मोठा व्हय तिचा. मागून कुणीतरी टोमणा मारला, "नसीबा, तू कित्याक गो आमच्या देवाक व्हय म्हणतंस?" तशी ती वळून म्हणाली, "म्हातारपण काय फक्त तुमच्याकडेच येता?" नसीबा आमच्या उपकेंद्राच्या गावातली अंगणवाडी सेविका. लसीकरणाच्या दिवशी पोरं गोळा करायची ती आणि टोचायची मी. पोराचं डोकं छातीशी दाबून ती म्हणायची, "कावळो बघ, कावळो," पोर वर बघे आणि तेवढ्यात माझं काम होई. तो कावळा मी कधी पाहिला नाही, पण तिच्या आवाजावर माझाही इतका विश्वास की एकदोनदा मीही वर पाहिलं आहे. अंगणवाडीच्या बायकांची गोष्ट संपाच्या मागणीत नव्हतीच. त्या पगारदार नाहीत, मानधनावर. भिकाजीभाऊंनीच त्यांना निरोप धाडला होता, "येवा गो, गर्दी दिसाक होयी." त्या आल्या. घरून भाकऱ्या आणि सुक्या मासळीची किसमूर घेऊन आल्या आणि आम्हा सगळ्यांना वाढलं. माझा सोमवार होता, तर नसीबाने माझ्यासाठी वेगळ्या डब्यात केळी आणली होती, मासळीच्या पिशवीत न घालता, हातात धरून.

भाऊंना मी म्हटलं, "नसीबाचं?" ते इकडेतिकडे बघायला लागले. बाजारात दिवेलागण झाली होती, खाजाच्या दुकानापुढे पर्यटक वास घेत उभे होते. "अगो," ते म्हणाले, "तां गाऱ्हाणां म्हणजे माणसां उठान जाव नये म्हणान केलेलो खेळ. तू तां धरून बसलंस. मी संकासुर झालंय म्हणान काय माका खरीच शिंगां फुटली?" मला हसू आलं असतं, एरवी. मी म्हटलं, "व्हय सगळ्यांनी म्हटला, भाऊ. माझ्या कानांनी ऐकलंय." "मगे तुझां म्हणणां काय? सगळ्या जगाचां होयसर तुझो नारळ बसान रवतलो?" मग ते जवळ आले आणि हळू बोलले, अगदी माझ्या आवाजात, आणि ते मला जास्त लागलं. "बाय, तुझी मानधनावरची वर्षां पेन्शनीक धरूची की नाय, ती फाईल माझ्या टेबलावरसून सायबांकडे गेली आसा. सही उरली आसा. उद्या सायब खुशीत आसतले. तेंचां मन कित्याक मोडतंस? मी तुझ्या बऱ्यासाठी सांगतंय." ती धमकी नव्हती हे मला ठाऊक आहे. ती वर्षं धरली तर माझं म्हातारपण निम्म्या पगारावर उभं राहील, न धरली तर जे हातात येईल त्यात विजेचं बिल आणि तेलवात भागेल. त्यांना ते माहीत, मलाही. माझ्या तोंडून मात्र भलतंच निघालं. "आणि तुमच्या प्रीतमचं?" प्रीतम त्यांचा मुलगा, त्याच कचेरीत ठेकेदाराकडून लागलेला, वडिलांच्या मागच्या टेबलाशी बसून तेच काम करतो आणि त्याच्या म्हातारपणाचा कागदच कुठे नाही. भाऊंनी टॉवेलने मान पुसली. खूप वेळ पुसली. "येतंय," म्हणाले आणि भरड नाक्याच्या बाजूला चालू लागले, थोडं गेल्यावर एका मोटारसायकलीला धरून थांबले.

घरी येताना माझ्या सासूबाई आठवत राहिल्या. सासरे बंदर खात्यात शिपाई होते, लवकर गेले. सासूबाईंना त्यांच्या माघारी पेन्शन मिळे. फार नसावी. पण महिन्याच्या त्या दिवशी त्या घडीचं लुगडं काढत, केसांत फूल न घालता नुसतं पाण्याने केस बसवत, आणि बँकेत जाऊन येताना खाजा आणत, आल्याचा, गुळाच्या पाकातला. घरातल्या प्रत्येकाच्या हातावर स्वतः ठेवत, माझ्याही. शेवटी त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी खाजा कुणाला दिला नि कुणाला नाही हे हात चाचपून ओळखत. त्या घरात त्यांना कधी कुणी म्हणालं नाही, तुम्ही गप्प बसा. त्यांचा आवाज माझ्यासारखाच लहान होता, पण घर त्या आवाजासाठी थांबायचं. मला वाटायचं, हे वयामुळे. मग पलीकडच्या घरातली त्यांच्याच वयाची म्हातारी मुलाने चहा दिला की दोन्ही हातांनी कप धरून आधी सुनेकडे बघायची, प्यावा का म्हणून, ते मी पाहिलं. त्या बघण्याला नाव नाही. आयुष्यभर राबलेलं माणूस स्वतःच्याच घरात परवानगी मागतं, ते बघणं. भिकाजीभाऊंच्या गाऱ्हाण्यात तेच होतं, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघूची पाळी हाडू नको. खेळ म्हणून का होईना, त्यांच्या तोंडून देवाने नेमकं तेच वदवलं. मग तो खेळ कसा?

दिवा लावला, वळेसर देवांना वाहिला, अर्धा नारळापुढे ठेवला. तेवढ्यात तन्वीचा फोन. मुलगी माझी, पुण्याला कंपनीत आहे. तिला मी सगळं सांगते, ती निम्मं ऐकते, पण ते निम्मं बरोबर ऐकते. "आई, आमच्यात रिटायरमेंट म्हणजे एक ॲप आहे," ती म्हणाली, "रोज उघडून बघायचं, आज आपलं म्हातारपण वर गेलं की खाली. परवा माझं म्हातारपण जोरात पडलं, कुठेतरी परदेशात काहीतरी झालं म्हणून." आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "तू उद्या जाऊच नकोस. बरं नाही सांग. नारळ तुझा देव्हाऱ्यात, फाईल त्यांची टेबलावर, कुणाचंच काही बिघडत नाही." किती सोपं. क्षणभर मला तो मार्ग थंड पाण्यासारखा वाटला. खोटं बोलणं माझ्या नेमात बसत नाही, पण गप्प राहणं बसतं. मी आयुष्यभर गप्प राहत आले आणि त्याला कुणी पाप म्हटलं नाही, उलट लोक म्हणतात, सिस्टर किती शांत. कसली शांत? ही माझी भक्ती की माझी सोय, हे मला त्या क्षणी कळेना. देव्हाऱ्यातल्या ज्योतीकडे बघत मी फोन कानाला धरून उभी होते आणि तन्वी म्हणत होती, "आई? आहेस का? तुझा आवाजच येत नाही."

नसीबा आज कितवा दिवस तिथे बसली आहे मी मोजलेलं नाही. अंगणवाडीच्या सेविका आपल्या पेन्शनसाठी पुन्हा ओरोसला बसल्या आहेत, त्याच फाटकासमोर, यंदा एकट्या. वर्तमानपत्रं तीच, फलक हाताने लिहिलेले. आमच्यातलं कुणी गेलं नाही. जाता येता गाडीतून हात करतात. समोरच्याच सभागृहात उद्याचा सत्कार. नसीबाही याच वर्षी सुटणार. एकदा काहीतरी हातावर ठेवतील आणि अंगणवाडीचं दार तिच्यामागे लागेल. तिचे यजमान सिराजभाई गुडघ्यांमुळे आता बोटीवर जात नाहीत. परवा मी फोन केला तर म्हणाली, "बरां आसा गो. सावलीक बसाक मिळता, खिचडी शिजवची नाय. आरामच हो." मग थोड्या वेळाने, मला नावाने हाक मारणारी ती एकटीच, "कोण बघणा नाय आमच्याकडे, सत्या. आमी कावळो दाखवतो तसां झालां. सगळे वर बघतत." संप मिटला त्या संध्याकाळी आम्ही एकाच एसटीने परतत होतो. नारळ माझ्या मांडीवर. ती खिडकीशी बसली होती. कसालला गाडी थांबली तेव्हा बाहेर बघतच ती म्हणाली, "तुमचां झालां आणि माझां रवलां, तर ठेवशील ह्यो नारळ?" मी म्हटलं, "ठेवीन." एवढंच बोलणं. तिने मान हलवली आणि झोपून गेली, तिचं डोकं माझ्या खांद्यावर आणि नारळ दोघींच्या मध्ये. माझ्या नेमांमध्ये हा एकच नेम मी माणसाला बोलून घेतला आहे. देवाला दिलेला शब्द चुकला तर तो क्षमा करतो असं पोथीत सांगितलं आहे. नसीबाने का म्हणून क्षमा करावी?

"आहे," मी तन्वीला म्हटलं. "मी जाणार आहे. पण सत्काराला नाही. नसीबाकडे." मी सांगत गेले, सांगताना मलाच कळत गेलं. आमच्याकडे सांगणं, म्हणजे देवाला घातलेलं साकडं, लांबलं तर तोच नारळ पुढे ठेवून गाऱ्हाणं पुन्हा घालतात. देवाच्या लक्षात असतं, माणसांना आठवण द्यावी लागते. भिकाजीभाऊ आता घालणार नाहीत. मग ज्याच्या हातात नारळ, त्याने घालायचं. "पण ते बायका घालतात का?" तन्वीने विचारलं. नाही घालत. मानकरी घालतात, पुरुष. मी कधी कुठल्या बाईला घालताना पाहिलं नाही आणि मला हौसही नाही. देवळाच्या उंबऱ्यावर मी आजवर जिथे उभी राहत आले तिथेच उभी राहीन. पण ते फाटक काही देऊळ नाही. तिथे मान कुणाचा? उन्हात बसेल त्याचा. आणि देवाला जर बाईच्या हातचा वळेसर चालतो, बाईने घासलेली समई चालते, बाईचा उपास चालतो, तर बाईच्या तोंडचं बा देवा म्हाराजा तेवढं चालत नाही, हे त्याने स्वतः मला सांगावं. इतकी वर्षं रोज पहाटे त्याच्यासमोर बसते, सांगायला त्याला वेळ भरपूर होता. "आई," तन्वी हळूच म्हणाली, "तू रागावली आहेस." मी विचार केला आणि म्हटलं, "हो." "आणि फाईल?" "फाईल त्यांची. वर्षं माझी आहेत. सही केली नाही म्हणून ती त्यांची होत नाहीत." ती हसली की रडली कळलं नाही. "पण तू ओरडणार कशी गं तिथे? तुझं बोलणं मला फोनवर ऐकू येत नाही." मी म्हटलं, "मी नाही ओरडणार. व्हय म्हणणाऱ्या ओरडतील."

रात्री झोप चांगली लागली.

पहाटे उठले. आंघोळ, देव, दिवा. नारळावरून पाण्याचा हात फिरवला, कानाशी नेऊन हलवला. खुळखुळला. अध्याय वाचायला बसले तेव्हा फोन वाजला, भाऊंचं नाव. वाजून थांबला, पुन्हा वाजला. अध्याय संपेपर्यंत मी बोलत नाही हे त्यांना माहीत आहे, तरी केला, म्हणजे रात्री त्यांना झोप लागली नसावी. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. प्रीतमही त्या व्हयमध्ये आहे हे त्यांना आता विसरता येणार नाही, ते मी केलं, आणि ते मी परत घेणार नाही. अध्याय संपला. आता बोलायला हरकत नव्हती. पण मनात आलं, आजचा पहिला शब्द इथे कशाला खर्चायचा? तो तिथेच काढावा. तोवर मौन. पातळ नेसले, पिशवीत पाण्याची बाटली, पोथी आणि नसीबासाठी घरची केळी घातली. पिशवी खांद्याला अडकवली आणि देव्हाऱ्यातून नारळ उचलून उजव्या हातावर घेतला. तो हलका झाला आहे, पहिल्या दिवशी मनगट भरून आलं होतं.

दाराशी आले आणि थांबले. आमचं कुलूप जुनं, कोयंडा सैल. एका हाताने दार दाबून धरलं तरच दुसऱ्या हाताने किल्ली फिरते. नारळ क्षणभर पायरीवर ठेवला असता तर झालं असतं. पायरी म्हणजे काही अगदी जमीन नाही. शेजारची भक्ती अंगणात सडा घालत होती, तिने विचारलं, "इतक्या सकाळी खंय चललंस, काकी?" मी तिला हातातला नारळ दाखवला. ती बघत राहिली. मग मी दार नुसतंच ओढून घेतलं, कुलूप तसंच कोयंड्याला लोंबत राहू दिलं, आणि पहिल्या गाडीसाठी स्टँडच्या रस्त्याला लागले.